सोड म्हणायचं न्हाई

राठोड सरांचा फोटो कुठं लावायचा, यावरून आमच्यात आठवडाभर भांडण चालू आहे. दत्तराव म्हणतो, भिंतीच्या पार वर, घंटीच्या शेजारी. सरांची जागा वरच. बाकीचेही माना डोलावतात. मी एकटी म्हणते, खाली लावा. वर लावलात तर फोटोतल्या माणसाला घाम फुटेल. यावर दत्तराव चिडतो, म्हणतो, शकू, गेलेल्या माणसाची मस्करी करू नये. मस्करी कुठली आलीय! सरांना उंचीची भीती वाटायची. आम्हा लंगड्या-आंधळ्यांना ज्यानं भिंतीवर चढवलं, तो माणूस स्वतः कधी स्टुलावर उभा राहिला नाही. सर गेले त्याला वर्ष होत आलं, आता हे उघड सांगायला हरकत नाही.

आधी भिंतीचं सांगते. आखाडा बाळापूरच्या बाजारामागं कापसाचं एक जुनं गोदाम आहे. त्यात एका बाजूला लाकडी फळ्यांची उंच भिंत उभी केलीय, पार पत्र्याला भिडेल एवढी. तिच्यावर रंगीबेरंगी खुट्या ठोकल्यात. काही प्लास्टिकच्या, बाकीच्या आमच्या सुताराच्या हातच्या. कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोर. दोर वर लोखंडी पाइपावरून फिरून खाली येतो आणि खाली एक जण तो धरून बसतो. हात सुटला तर माणूस लोंबकळतो, पडत नाही. वर पोचलं की घंटी वाजवायची. शहरात या खेळाला काहीतरी भारी नाव आहे. आम्ही नुसतं ‘भिंत’ म्हणतो.

आता माझं थोडं. बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. सरकारी कागदावर मी दिव्यांग आणि बाजारात लंगडी शकू. मला आजवर किती लोकांनी उचललंय याचा हिशेब नाही. मामानं, काकानं, एसटीच्या कंडक्टरनं, लग्नातल्या अनोळखी पाहुण्यांनी. ‘उचला रे हिला’ हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त ऐकलंय. उचलणाऱ्याच्या मनात माया असते, नाही असं नाही. पण बाचकं उचलल्यासारखं उचलतात आणि त्यांना वाटेल तिथं ठेवून देतात. आपल्याला तिकडं जायचं होतं की नाही, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही.

सर पहिल्यांदा दुकानात आले ते ट्रॅकसूटची चेन बसवून घ्यायला. नुकतेच शाळेतून रिटायर झाले होते, पीटीचे मास्तर. माझी कुबडी मशीनच्या पलीकडं घसरून पडली होती. ते दारातच थांबले आणि म्हणाले, “उचलून देऊ का?”

मला वाटलं टोमणा आहे. मी म्हणाले, दिसत नाही का पडलेली?

“दिसून राहिली की. पण कुबडी तुझी हाय. म्हून इचारलं.”

मी म्हणाले, द्या. त्यांनी दिली. एवढंच झालं. पण त्या दिवशी माझं एका ब्लाउजचं माप चुकलं.

सर मूळचे सेनगावकडच्या एका तांड्यावरचे. उंचीनं बेताचे, पोट सपाट, मिशी पांढरी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट दर रविवारी खडूची पेस्ट लावून पत्र्यावर वाळत घालायचे आणि तेवढा वेळ अनवाणी हिंडायचे. गळ्यात शिट्टी. रिटायर झाल्यावरही शिट्टी, लग्नात शिट्टी, मयतीला शर्टाच्या आत शिट्टी. खिशात फुटाणे. वारंगा फाट्यावर जीपची वाट बघायची असली तरी पाय फाकवून, हात पाठीमागं बांधून, विश्रामात उभे राहायचे. जीप आली की सावधान व्हायचे, मग चढायचे. एक शब्द त्यांच्या तोंडी सारखा असे. कुणी म्हणालं, सर, हे जमणार नाही, की लगेच, “काहून?” आणि उत्तर मिळालं की परत, “पण काहून?” या ‘काहून’ला भल्याभल्यांनी हात टेकले. मीही.

भिंतीचं खूळ त्यांनी पुण्याहून आणलं. लेकीकडं गेले होते. तिनं नातवाला अशाच एका भिंतीवर न्यायचं म्हणून यांनाही सोबत नेलं. यांनी तिथं बसून दुपारभर बघितलं. तिथली मुलं कशी तरबेज, काय त्यांचे बूट, असलं काही यांना दिसलंच नाही. परत आल्यावर तडक माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, शकू, तिथं चालत कुणीच नाही. सगळे हातांनी वर जातात, पाय नुसता टेकवायला. मग ज्याला चालता येत नाही त्याला तिथं मज्जाव काहून?

मी म्हणाले, सर, मला बसची पायरी चढता येत नाही, तुम्ही भिंतीचं काय सांगून राहिले?

“तुझे हात बघ की,” ते म्हणाले. “जलमभर कुबड्यांवर अख्खं अंग तोलून राहिली तू. असे हात त्या पुण्याच्या पोरांकडं हायेत का? बसच्या पायरीला धरायला काही न्हाई, म्हून ती चढता येत न्हाई. भिंतीवर धरायलाच धरायला हाय.”

मी माझे हात बघितले. इतकी वर्षं सगळे माझा पाय बघत आले होते, मी पण.

गोदाम एका ओळखीच्या अडत्याचं, रिकामंच पडलं होतं. पुण्याहून एक शिकवणारा आला, राहिला, दोर कसा बांधायचा, कसा तपासायचा, कसा धरायचा हे सगळ्यांकडून घोटून घेऊन गेला. बाकीचं सरांनी केलं. दारात उतार केला. संडासाचं दार मोठं केलं. खालच्या गाद्या तीनचाकीच्या सीटएवढ्या उंच रचल्या, म्हणजे सायकलवरून सरकत सरकत आपलं आपणच गादीवर जाता येतं. ज्याच्या पायात जीव नाही त्याला पट्टा मांडीला काचतो आणि काचलेलं कळतही नाही, म्हणून पट्ट्याच्या आत बसवायला मऊ गाद्या मी शिवल्या. मूळ पट्ट्याच्या शिवणीला सुई लावायची नाही, अशी सरांची सक्त ताकीद. मी एकदा एक धागा लोंबत होता म्हणून कापायला गेले, तर शिट्टी वाजली.

आणि भिंतीवर एकच नियम. विचारल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही. चढणारा कितीही धडपडला, लोंबकळला, रडकुंडीला आला, तरी नाही. वरून कुणी ओरडलं, सर, उचला जरा, की सर खालून शांतपणे सांगायचे, “उचलनार न्हाई. दोर धरलाय.” मग फुटाणा तोंडात. सुरुवातीला मला या माणसाचा असा राग यायचा! मी एकदा वरून त्यांना निर्दय म्हणाले. ते म्हणाले, बराबर, आता डावा हात लाल खुटीवर टाक.

उद्घाटनाला एक मोठे साहेब आले. नाव कशाला घेऊ, माणूस वाईट नव्हता. मी पट्टा बांधून भिंतीशी उभी होते. फोटो काढणारे पुढं आले तसा साहेबांनी प्रेमानं माझ्या काखेत हात घातला आणि मला वर ढकलायला लागले. तेवढ्यात गोदामात शिट्टी घुमली. पत्र्याखाली ती शिट्टी एवढी कडाडली की कबुतरं उडाली आणि साहेबांचे हात होते तिथं थांबले.

“फाऊल झाला, साहेब,” सर म्हणाले. “इचारून.”

अडत्याचा चेहरा पांढराफटक. साहेब मला म्हणाले, ताई, हात लावू का? मी म्हणाले, नको. ते मागं सरले आणि मी माझी माझी तीन खुट्या चढून उतरले. माझ्या अख्ख्या आयुष्यात एवढं गोड ‘नको’ मी कधी म्हणाले नाही.

याच्याही आधीची एक गोष्ट. त्या पुण्याच्या शिकवणाऱ्यानं दोराचे हुकूम इंग्रजीत शिकवले होते. ते आमच्या तोंडात बसेनात, म्हणून सरांनी मराठी केले. दोर ताणून ठेव म्हणायचं तर ‘धर’. हळूहळू खाली घे म्हणायचं तर ‘सोड’. ऐकायला झकास. पहिलं प्रात्यक्षिक सरांनी स्वतः दाखवायचं ठरलं आणि दोर धरायला दत्तराव. दत्तरावचा एक पाय मळणी यंत्रात गेलेला, पण हातात रेड्याचं बळ. सर दोन खुट्या चढले. तिथंच त्यांना दरदरून घाम फुटला होता, पण आम्हाला वाटलं उन्हाळा आहे. ते म्हणाले, सोड. आता दत्तरावनं जन्मभर बैल बांधले आणि सोडले. त्याच्या लेखी सोड म्हणजे सोड. त्यानं दोर दोन्ही हातांनी मोकळा केला आणि वर हात झटकले. सर धपकन गादीवर, पाठीवर.

उंची काहीच नव्हती, लागलं नाही. दत्तराव मात्र रडायच्या बेतात. सर गादीवर पडल्या पडल्या पत्र्याकडं बघत म्हणाले, चूक दत्तरावची न्हाई, शब्दाची हाय. त्याच दिवशी भिंतीवर खडूनं लिहिलं गेलं, ‘सोड म्हणायचं न्हाई. उतरव म्हणायचं.’ पुढं ते रंगानं लिहिलं, अजून आहे. नवीन आलेली माणसं ते वाचून बुचकळ्यात पडतात. त्यांना वाटतं काहीतरी थोर विचार आहे, जिद्द सोडू नका वगैरे. आम्ही त्यांचा गैरसमज तसाच राहू देतो.

त्यानंतर सर भिंतीवर गेले नाहीत. पाठ दुखते म्हणायचे. खरं काय ते महादूमुळं कळलं. महादू मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला, जन्मापासून आंधळा. त्याच्यासाठी सरांनी खुट्यांना मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या बांधल्या. खालून काठीनं एकेक वाजवायची, महादू आवाजाच्या मागं हात टाकत वर. एका दुपारी तो पार वर पोचला, मोठी घंटी वाजवली आणि खाली यायलाच तयार होईना. वरूनच विचारतो, सर, हितून काय काय दिसून राहिलं?

सरांनी वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. “मला काय ठावं लेका, म्या कवा वर आलो?”

आम्ही सगळे बघतच राहिलो. कमलबाई, सरांच्या बायको, डबा घेऊन आल्या होत्या, त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी सगळं बाहेर काढलं. हा माणूस स्वतःच्या घराच्या गच्चीवर कधी गेला नाही. उन्हाळ्यात सगळे वर झोपतात, हे खाली उकाड्यात. वाळवणाला कावळे आले तर अंगणातून शिट्टी मारतात. सरांनी सगळं ऐकून घेतलं, फुटाणे खाल्ले आणि वर न बघता महादूला म्हणाले, आता तूच सांग, तिथं काय ऐकू येतंय. महादूनं सांगितलं. पत्रा उन्हानं तडतडतोय. कबुतराची पिल्लं कुठंतरी जवळच आहेत. हायवेवर एसटी गिअर बदलतेय. सर डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. एवढा हावरा चेहरा मी त्यांचा जेवतानाही बघितला नव्हता.

मी एकदा त्यांचंच शस्त्र त्यांच्यावर चालवलं. विचारलं, सर, तुम्हाला चढायचं नाही, भीती वाटते, मग हा सगळा खटाटोप काहून? आम्ही वारंगा फाट्यावर चहा पीत होतो. त्यांनी कप खाली ठेवला. मग मोठ्या बहिणीचं सांगितलं, चांदी तिचं नाव. तिला चालता यायचं नाही. बापानं तिला जत्रेला पाठीवर नेलं, भावांनी लग्नाला नेलं, दवाखान्यात नेलं. कुणी कधी तकलीफ म्हणून तोंड वाकडं केलं नाही. ती तरुणपणीच गेली.

“तिला समद्यायनं जीव लावला, शकू,” सर म्हणाले. “इचारलं मातर कुणीच न्हाई. म्या बी न्हाई.”

मग त्यांनी शिट्टी शर्टाच्या आत टाकली आणि जीपसाठी सावधान झाले. हा विषय परत कधी निघाला नाही.

दोन वर्षांमागं सरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि जीभही. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. व्हय आणि न्हाई कसेबसे यायचे. आणखी एकच शब्द वाचला होता आणि तो कुठला, तर ‘सोड’. पाणी हवं असलं तरी सोड, पंखा लावायचा तरी सोड, कूस बदलायची तरी सोड. मी भेटायला गेले तर माझ्याकडं बघून म्हणाले, सोड. कमलबाई बाहेर येऊन पदर तोंडाला लावून रडल्या. म्हणाल्या, “त्यायला आता जगायचं न्हाई गं. सोडा मला, म्हणून राहिले रातदिस.”

मला तसं वाटत नव्हतं. पण मला वाटून काय होतंय? मी बघत होते ते एवढंच की मुलगा आणि पुतण्या आले की सरांना दोन्हीकडून धरून उचलायचे. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून खाटेवर. मायेनं, अगदी जपून. आणि न विचारता. उचलताना सर डोळे मिटून घ्यायचे. ते मिटलेले डोळे मी ओळखले, कारण ते माझे होते. शिट्टी भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होती. अशी माणसं हळूहळू खरोखरच सगळं सोडून देतात, हे मला माहीत आहे. मला सरांना तसं होऊ द्यायचं नव्हतं.

मी घरी हट्ट धरला, सरांना भिंतीवर आणा. मुलगा म्हणाला, ताई, काहीतरीच काय. मी म्हणाले, काहून? तो काहीतरी बोलला. मी म्हणाले, पण काहून? शेवटी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, प्रकृती आता बरी आहे, नीट पट्टा बांधून, जमिनीलगत, काही हरकत नाही. मग मी सरांपुढं बसले आणि विचारलं, सर, यायचं का भिंतीवर? ते माझ्याकडं बघत राहिले. मग खिळ्याकडं बघितलं. मी शिट्टी काढून त्यांच्या गळ्यात घातली. म्हणजे, आधी विचारलं, घालू का, आणि मग घातली.

सरांना भिंतीवर मी शेवटचं बघितलं ते त्या दिवशी. त्यानंतर ते फार दिवस नव्हते, दुसरा झटका आला. पण मला आठवतात ते त्या दिवसाचे.

व्हीलचेअरवरून आले. चेअर गादीला लावली आणि ते डाव्या हातानं, डाव्या पायानं स्वतःला ओढत गादीवर सरकले. केवढा वेळ लागला! कमलबाई तीनदा पुढं झाल्या आणि मी तीनदा डोळे वटारले. मी पट्टा बांधला, उजव्या मांडीला दुप्पट गादी लावली. दोर माझ्या हातात, माझ्या मागं दत्तराव. सरांनी डाव्या हातानं खुटी धरली. डावा पाय टेकवला. दोर मी ताणत गेले, त्यांचं वजन पट्ट्यात आलं आणि ते जमिनीवरून सुटले. मग दुसरी खुटी. गळ्याच्या शिरा ताठल्या, घाम गळायला लागला, लकव्याचा किती आणि भीतीचा किती देव जाणे. तिसरी पिवळी खुटी होती. तिला हात लागला आणि ते तिथं थांबले, दोन्ही पाय अधांतरी, गाल फळीला टेकलेला. पूर्वीपेक्षा एक खुटी वर. ती पिवळी खुटी अजून तिथंच आहे. फोटो मला तिच्याशेजारी हवाय.

मग सर म्हणाले, “सोड.”

कमलबाईंनी तोंडावर हात दाबला. माझ्या हातात दोर होता. हे दोराचं म्हणतायत, का सगळ्याचंच? रंगानं लिहिलेली ती अक्षरं त्यांच्या डोक्याशेजारीच होती.

मी म्हणाले, “सोड म्हणायचं न्हाई, सर. दोर धरलाय.”

सरांनी मान वळवली. अक्षरांकडं बघितलं, मग खाली माझ्याकडं. अर्धा चेहरा हलत नव्हता, पण उरलेल्या अर्ध्यात हसू आलं. ओठांची खूप वेळ ओढाताण झाली आणि आवाज आला, “उ...तरव.”

मी उतरवलं. हळूहळू, दोर हातातून सुटू न देता. माझ्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं, पण हात बराबर चालत होते. सर गादीवर टेकले मात्र, मुलगा, पुतण्या, कमलबाई सगळे एकदम धावले, धरा धरा, उचला म्हणत. सरांनी डाव्या हातानं छाती चाचपली, शिट्टी सापडली, ओठांच्या चांगल्या कोपऱ्यात धरली आणि फुंकली. निम्मी हवा बाजूनं गेली. आवाज कसला, नुसती फुसफूस. पण धावत आलेले सगळे जागच्या जागी थांबले.

कमलबाई पुढं आल्या. गादीच्या कडेला बसल्या. उभ्या संसारात त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नसेल, तोंडातून नीट निघेना.

“उचलू का वो तुमाला?”

सरांनी जरा विचार केला.

“व्हय,” म्हणाले.

मग आम्ही त्यांना उचललं.